गस्त हवी, पण संशय म्हणजे पुरावा नव्हे

गेल्या थंडीतली गोष्ट. आमच्या नात्यातला एक मुलगा आहे, वय एकवीस-बावीस. मोटारसायकलला चादरी आणि ब्लँकेटचे गठ्ठे बांधून खेडोपाडी फेरी करतो. त्या दिवशी परतताना एका गावाच्या फाट्यावर गाडी पंक्चर झाली. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. त्या भागात मोटारपंप आणि केबलच्या चोऱ्या वाढल्या होत्या, म्हणून गावातली पोरं गस्तीला निघाली होती. हातात टॉर्च आणि काठ्या.

"कोठचा हाय बे तू?"

"वडनेरचा. वडनेर भोलजी."

"नाव काय?"

नाव सांगितलं आणि आवाज बदलले. गठ्ठे सोडायला लावले. आधार कार्ड दाखवलं तर म्हणाले, असे कार्ड कुठंही बनतात. एकानं मोबाइल हिसकावला, दुसरा व्हिडिओ काढायला लागला. पाच जण होते, बघता बघता वीस झाले. तेवढ्यात गावातले एक म्हातारे बाबा काठी टेकत आले. टॉर्च मुलाच्या तोंडावर मारली आणि म्हणाले, "अरे, मागच्या साली याच्याकूनच चादर घेतली म्या. सोडा त्याले."

सोडलं. त्याच पोरांनी मग गाडी ढकलत पंक्चरच्या दुकानापर्यंत नेऊन दिली. मुलगा घरी आला, जेवला नाही. त्याची आई आता मगरिबनंतर त्याला फोनवर फोन करते.

या प्रसंगात कोणी राक्षस नव्हता. चोऱ्या खऱ्या होत्या. ज्या शेतकऱ्याचा पंप ऐन हरभऱ्याच्या पाण्याच्या वेळी चोरीला जातो, त्याचं नुकसान फक्त पंपाच्या किमतीचं नसतं. गस्त घालणं चूक नाही. पण त्या बाबांना त्या रात्री झोप लागली असती तर? एवढ्या एका प्रश्नासाठी हा लेख लिहितो आहे. गस्तीवाल्याचा हक्क कुठपर्यंत जातो, आणि "आम्ही स्वतःच्या बचावासाठी केलं" असं कोण म्हणू शकतो?

सॅनफर्डची ती रात्र

हा प्रश्न जगभर गाजला तो अमेरिकेतल्या एका प्रकरणामुळे. २६ फेब्रुवारी २०१२. फ्लोरिडा राज्यातलं सॅनफर्ड शहर. ट्रेवॉन मार्टिन नावाचा १७ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा वडिलांसोबत तिथल्या एका बंदिस्त वसाहतीत पाहुणा म्हणून आला होता. संध्याकाळी दुकानातून गोळ्यांचं पाकीट आणि सरबताचा डबा घेऊन परतत होता. पाऊस होता, म्हणून टोपीवाला सदरा डोक्यावर ओढलेला. वसाहतीत गस्त पाहणारा जॉर्ज झिमरमन, वय २८, गाडीतून त्याला पाहतो. पोलिसांना फोन करतो की एक संशयास्पद इसम फिरतो आहे. तो त्याच्या मागे जातो आहे हे कळल्यावर फोनवरचा कर्मचारी त्याला सांगतो की तुम्ही तसं करायची आम्हाला गरज नाही. पुढच्या काही मिनिटांत दोघांची झटापट होते आणि झिमरमनच्या पिस्तुलातल्या गोळीनं मुलगा मरतो.

झिमरमनचं म्हणणं होतं की मुलानं मला खाली पाडून मारलं, जिवाच्या भीतीनं मी गोळी झाडली. सुरुवातीला पोलिसांनी त्याला अटकच केली नाही. फ्लोरिडात २००५ पासून कायदा आहे की जिवाला धोका वाटला तर माणसानं मागे हटण्याची गरज नाही. देशभर मोर्चे निघाले, तेव्हा सुमारे दीड महिन्यानंतर गुन्हा दाखल झाला. १३ जुलै २०१३ ला सहा जणींच्या ज्युरीनं त्याला निर्दोष सोडलं.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. त्या वसाहतीतही आधी घरफोड्या झाल्या होत्या. म्हणजे भीती काल्पनिक नव्हती. पण घरफोड्यांचा आणि त्या मुलाचा काहीही संबंध नव्हता. भीती खरी होती, माणूस चुकीचा होता. कोर्टात सगळी चर्चा झटापटीच्या शेवटच्या मिनिटावर झाली, कोण खाली होता, कोण वर होता. त्याआधी "हा इथला नाही, याच्या मागे जायला हवं" असं कोणाला आणि का वाटलं, हा प्रश्न मागेच राहिला. आणि दोघांपैकी एकच आपली बाजू सांगायला जिवंत होता.

आपल्याच महामार्गावर

अमेरिका लांब आहे. पण आमच्या गावावरून जाणारा जो महामार्ग आहे, तोच पश्चिमेला जळगाव, धुळे, साक्री करत सुरतला जातो. त्याच साक्री तालुक्यात, पिंपळनेरजवळ राईनपाडा नावाचं गाव आहे. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण तिथं भिक्षा मागायला आले होते. मंगळवेढ्याकडचे हे लोक पिंपळनेरला पालं टाकून राहिले होते. कोणीतरी त्यांना एका लहान मुलीशी बोलताना पाहिलं आणि 'मुलं पळवणारी टोळी' अशी हूल उठली. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथंच मारलं. पाचही जण गेले. ज्या खोलीत दाखले मिळतात, त्या खोलीत.

त्या काळात एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. तो मुळात कराचीतल्या एका संस्थेनं पालकांना सावध करण्यासाठी केलेला जनजागृतीचा चित्रपट होता. शेवटी मूल परत आणून सोडतात आणि संदेशाची पाटी दाखवतात. तो शेवट कोणीतरी कापून टाकला आणि उरलेला तुकडा भारतभर "आपल्या जिल्ह्यात आलेली टोळी" म्हणून पोहोचला.

मला इथं एक कबुली द्यायची आहे. जून २०१८ मध्ये तो व्हिडिओ मीही पुढे पाठवला होता. पालकांच्या ग्रुपवर. खाली लिहिलं होतं, "काळजी घ्या." मी शिकलेला माणूस, बी.एड. झालेला, वर्गात पोरांना 'खात्री करून मगच उत्तर लिहा' असं सांगणारा. राईनपाड्याची बातमी आली तेव्हा मी तो मेसेज पुसला. पण ग्रुपमधल्या पालकांनी तो कुठं कुठं पाठवला, हे मला आजही माहीत नाही. राईनपाड्याच्या जमावात मी नव्हतो. पण त्या जमावाला जी भीती लागली, तिच्यात माझाही थेंब होता.

मालेगावची तीच रात्र

राईनपाड्यातल्या त्याच दिवशी रात्री मालेगावात काय झालं, हे आपल्या समाजातल्या फार कमी लोकांना आठवतं. आझादनगर भागात भिक्षा मागून पोट भरणारं एक परगावचं कुटुंब जमावाच्या हाती सापडलं. बायामाणसं होती, कडेवर लहान मूल होतं. तीच हूल, तीच टोळीची गोष्ट. वस्ती आपलीच होती, जमावही आपलाच होता. आणि त्याच वस्तीतल्या एका माणसानं त्या कुटुंबाला घरात घेतलं आणि दार लावून घेतलं. जमाव दारावर आदळत राहिला. पोलीस आले, त्यांच्यावरही दगड पडले, पण त्यांनी कुटुंबाला जिवंत बाहेर काढलं.

या घटनेतून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, संशयाला मजहब नसतो. आपल्या मोहल्ल्यात अनोळखी बाई झोळी घेऊन आली तर आपल्याही मनात तेच येतं जे दुसऱ्या गावात आपल्या पोराला पाहून येतं. दुसरी, एवढ्या मोठ्या जमावासमोर एक दार पुरेसं ठरलं.

गडचिंचले आणि अफवेचा दुसरा फेरा

१६ एप्रिल २०२०, लॉकडाऊनचे दिवस. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यातलं गडचिंचले. परिसरात चोर फिरतात, मुलं पळवतात अशा अफवा होत्या आणि गावकरी रात्री जागून पहारा देत होते. मुंबईहून सुरतला अंत्यसंस्कारासाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक त्यांच्या तावडीत सापडले. तिघांनाही पोलिसांच्या डोळ्यांदेखत मारलं गेलं. भगवी वस्त्रं होती, वय झालेलं होतं. कशाचाही उपयोग झाला नाही.

पण गोष्ट तिथं संपली नाही. दुसरी अफवा सुटली की हे आपल्या समाजानं केलं. शेवटी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटकेतल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की यात एकही मुस्लिम नाही. पहिल्या अफवेनं तीन जीव घेतले. दुसरी अफवा लाखो लोकांवर आळ घेऊन गेली. दोन्हींचं मूळ एकच: आधी माणूस ठरवायचा, मग गुन्हा शोधायचा.

संशय कोणावर पडतो?

सॅनफर्डमध्ये कातडीचा रंग होता. आपल्याकडे कपडे, बोली, दाढी, झोळी, आडनाव. आणि हे आजचं नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे देशभर समाजच्या समाज जन्मतः चोर ठरवले. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवानगी. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, त्या समाजांना 'विमुक्त' म्हटलं गेलं. पण आपल्या जिल्ह्यात कुठं चोरी झाली की पहिली नजर आजही पारध्यांच्या बेड्यावर जाते, आणि नजर टाकणाऱ्यांत आपणही असतो. हे कबूल केल्याशिवाय आपल्या पोरांवर पडणाऱ्या नजरेबद्दल बोलण्याचा आपल्याला पूर्ण हक्क पोहोचत नाही.

आणि आपल्यावरची नजर काही कमी जड नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या जामनेर तालुक्यात आपल्या समाजातल्या एका तरुणाला टोळक्यानं मारून मारून ठार केलं. तिथं चोरीचा संशयसुद्धा नव्हता. तो कोणासोबत बसला होता, एवढंच पुरेसं झालं. अशा बातमीनंतर आईचे फोन वाढतात, ते उगाच नाही.

कायदा काय म्हणतो

आता मुद्द्याची गोष्ट, जी प्रत्येक घरात माहीत असायला हवी. जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क दिला आहे. स्वतःचा जीव, दुसऱ्याचा जीव, मालमत्ता, यांचा बचाव करणं गुन्हा नाही. हा हक्क मोठा आहे आणि असायलाच हवा. पण त्याला कुंपण आहे. कलम ३७ सांगतं की पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. आपल्या न्यायालयांनी वारंवार म्हटलं आहे की धोक्याची भीती रास्त हवी, नुसती शंका नको, आणि स्वतः हल्ला सुरू करणाऱ्याला बचावाचा आधार मिळत नाही.

आता हे फाट्यावरच्या त्या रात्रीला लावून बघा. वीस जण, हातात काठ्या. मधे एक जण, हातात पंक्चर झालेली गाडी. भीती कोणाला रास्त होती? त्या पोरांपैकी एकाची काठी पडली असती तर "आम्ही बचाव केला" हे कोर्टात टिकलं नसतं.

सामान्य माणसाला कोणाला पकडता येतं का? येतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे, आपल्या डोळ्यांसमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला पकडता येतं. फरारी म्हणून जाहीर झालेल्यालाही. पण विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. 'डोळ्यांसमोर' हा शब्द महत्त्वाचा. कोणीतरी म्हणालं, व्हॉट्सॲपवर आलं, चेहरा पटला नाही, यातलं काहीही चालत नाही. आणि मारण्याचा अधिकार तर कुठल्याच कलमात नाही.

जमावानं केलेल्या खुनासाठी न्याय संहितेत आता वेगळं पोटकलम आहे, १०३ (२). पाच किंवा जास्त जणांनी मिळून वंश, जात किंवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून खून केला, तर त्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप, शिवाय दंड. कोणाची काठी शेवटची होती, हा वाद इथं उरत नाही. यात एक उणीव मात्र दिसते. 'मुलं पळवणारा' किंवा 'चोर' या संशयावरून झालेला खून या यादीत थेट बसत नाही. तो 'तत्सम कारण' मानायचा का, यावर वकील भांडतील. पण खुनाचं साधं कलम तरी सुटत नाही.

याआधी १७ जुलै २०१८ ला, राईनपाड्यानंतर बरोबर सोळा दिवसांनी, सर्वोच्च न्यायालयानं तहसीन पूनावाला खटल्यात राज्यांना स्पष्ट आदेश दिले होते. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी, खटले शक्यतो सहा महिन्यांत, पीडितांना भरपाई, आणि कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई. आपल्या जिल्ह्यात नोडल अधिकारी कोण, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? समाजाच्या बैठकीत पुढच्या वेळी हा एक प्रश्न विचारून बघा.

कायदा बदलतो, पण कोणीतरी विचारावं लागतं

अमेरिकेतलीच दुसरी घटना सांगतो. २३ फेब्रुवारी २०२०, जॉर्जिया राज्य. अहमॉद आर्बेरी हा २५ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण रस्त्यानं धावत व्यायाम करत होता. चोर असल्याच्या संशयावरून बाप-लेकानं बंदुका घेऊन गाडीतून त्याचा पाठलाग केला, शेजारी दुसऱ्या गाडीतून मागे. तो मारला गेला. बचाव तोच, आम्ही चोराला पकडत होतो, झटापट झाली, जिवावर बेतलं. पण इथं व्हिडिओ होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिघेही खुनाचे दोषी ठरले. त्याआधी मे २०२१ मध्ये जॉर्जियानं नागरिकांना अटकेचा ढोबळ अधिकार देणारा, १८६३ सालापासूनचा आपला कायदाच रद्द केला होता.

सॅनफर्डमध्ये विचारलं गेलं, शेवटच्या मिनिटात कोण घाबरलं होतं? इथं विचारलं गेलं, पाठलाग कोणी सुरू केला? प्रश्न बदलला तर निकाल बदलतो. फाट्यावरच्या प्रत्येक प्रकरणात आपणही हाच प्रश्न धरून बसलं पाहिजे.

मग करायचं काय?

गस्त बंद करा असं मी म्हणत नाही. चोऱ्या होणारच आहेत. पण गस्त कशी असावी, याबद्दल गावागावात पोलीस पाटलांसोबत बसून चार गोष्टी ठरवता येतील.

गस्तीवाल्यांची नावं पोलीस ठाण्यात दिलेली असावीत, आणि प्रत्येक तुकडीत एक जाणता माणूस असावा. सगळी अठरा-वीस वर्षांची पोरं नकोत. अनोळखी माणूस दिसला तर विचारपूस करायची, गाडीचा नंबर लिहून घ्यायचा, ११२ ला फोन लावायचा. हात लावायचा नाही. पळाला तरी पाठलाग नाही. गस्तीचं काम बघणं आणि कळवणं, बस्स. मोबाइल हिसकावणं, आणि पोलीस येण्याआधी व्हिडिओ ग्रुपवर टाकणं बंद. आणि शक्य असेल तिथं गस्तीत सगळ्या आळ्यांची पोरं असावीत. आपल्याही. जो पोरगा सोबत शेकोटीला बसतो, त्याच्या नावानं कोणाचा आवाज बदलत नाही.

फेरीवर जाणाऱ्या आपल्या पोरांना: गावात शिरताच सरपंच किंवा पोलीस पाटलांना सलाम-नमस्कार करून नाव सांगा, नंबर घेऊन ठेवा. मालाची पावती जवळ ठेवा. कोणी अडवलं तर पळू नका, उलट बोलू नका, स्वतःच ११२ ला फोन लावा. अपमान गिळावा लागतो, मान्य आहे. निर्दोष माणसानं एवढी खबरदारी का घ्यावी, हा तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो आम्ही मोठ्यांनी विचारत राहायचा आहे. तुम्ही फक्त घरी या.

आणि आपल्या मोहल्ल्यासाठी: सूरह हुजुरातमध्ये खबर आली तर शहानिशा करण्याची, आणि गुमानापासून दूर राहण्याची ताकीद आहे. जुम्याच्या बयानात आपण ती ऐकतो. ती फक्त आपल्याविरुद्धच्या अफवांसाठी नाही. झोळीवाल्या बाईसाठीही आहे, पालावरच्या गोसाव्यासाठीही आहे.

तो चादरीवाला मुलगा आता पुन्हा त्याच गावात फेरीला जातो. म्हातारे बाबा त्याला चहा पाजतात. मी त्याला विचारलं, "भीती वाटत नाही का रे?" म्हणाला, "वाटते, सर. पण तिथं आता मला वीस जण ओळखतात."